भरतीच्या वेळी भरलेल्या बाटल्या

रोह्यात जन्म काढलेल्या माणसाला वासाचं काही वाटेनासं होतं, हे मी स्वतःवरून सांगते. सकाळी दार उघडावं तर कधी सडक्या अंड्यांचा वास, कधी जळक्या प्लास्टिकचा, कधी नुसताच गोडसर, घशाला चिकटून बसणारा. आम्ही दार लावून घेतो. पाहुण्यांनी नाक मुरडलं की "आज जरा जास्तच आहे" एवढं म्हणतो आणि चहा टाकतो. मी तेहतीस वर्षं इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर कुंडलिका नदीचा नकाशा काढून खाली "आपली जीवनदायिनी" असं लिहायची सवय मुलांच्या दोन पिढ्यांना लावली. त्याच नदीकाठची आमची जमीन माझ्या वडिलांनी कारखान्यांसाठी आनंदाने देऊन टाकली होती, आणि घरात त्याबद्दल कधी कोणी एक शब्द काढला नव्हता. ही गोष्ट माझी नाही, वनिता हिलमची आहे. पण त्यात मी कुठे उभी होते हे सांगितलं नाही तर ती अर्धीच खरी होईल.

वनिता करंजवाडीची. रोह्याच्या खाली नदी खाडीसारखी रुंद व्हायला लागते, तिथे काठावर कातकऱ्यांची एकतीस घरांची वाडी आहे. तिचं माहेर गडबजवळच्या वाडीतलं. आईबाप भाताच्या हंगामात शेतावर आणि उरलेले महिने वीटभट्टीवर. सोळाव्या वर्षी भिकू हिलमशी लग्न होऊन ती इकडे आली आणि सासू ठमीकडून नदी शिकली. चिखलात कोपरापर्यंत हात घालून चिंबोरी कशी धरायची, निवट्या माशांची बिळं कशी ओळखायची, कुठल्या तिथीला पाणी किती वाजता चढतं आणि किती वाजता उतरतं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. अक्षर मात्र एकही येत नव्हतं. ते मी चुकून एकदा हळहळून बोलून दाखवलं, तेव्हा ती नुसती हसली होती.

भिकू एका केमिकल कंपनीत कंत्राटावर टाक्या धुवायला जायचा. एकदा टाकीच्या तळाशी उरलेल्या गाळात त्याचा पाय पोळला आणि तीन बोटं गेली. कंत्राटदाराने त्याला जीपने घरी आणून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला. तेव्हापासून भिकू घरी बसून जाळी विणायचा. मासे धरायचे आणि विकायचे ही दोन्ही कामं वनितावर आली. बुधवारी आणि रविवारी ती टोपली घेऊन माझ्या ओट्यावर बसायची. आमच्या आळीतल्या बायका तिच्याशी घासाघीस करायच्या आणि ती गेली की ओटा धुवायच्या. मीही धुवायचे.

चार वर्षांपूर्वी, गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी ती रिकाम्या हाताने आली. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलली होती. तिने मलम मागितलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, कंपनीने नाल्यात परत पाणी सोडलंय, मासे मरून काठाला लागलेत, ते उपसताना हात असे झाले. मी मलम लावून दिलं. तिचे हात धरले होते म्हणून नंतर स्वतःचे हात तीनदा साबणाने धुतले. हेही लिहून ठेवते.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर वाडीवर गेले. रोह्यात उभा जन्म काढून पहिल्यांदा. काठावर फुगलेल्या माशांची रांग लागली होती, त्यांच्या डोळ्यांवर साय धरली होती, आणि त्यांवर माशाही बसत नव्हत्या. हे मला सगळ्यात विचित्र वाटलं. माशीलासुद्धा ते नको होतं. वनिताने मला होडीने पलीकडे नेऊन नाल्याचं तोंड दाखवलं. तिथे चिखलात पुरलेला एक पाइप होता, भिकू कामाला जायचा त्याच कंपनीचा. ओहोटीला त्याचं तोंड उघडं पडायचं आणि त्यातून तपकिरी, फेसाळ पाणी यायचं. भरती आली की तो पाण्याखाली जाई. मग तिथे काही आहे असं कोणाला वाटलंच नसतं.

मी घरी आले आणि अंबरीशला फोन केला. अंबरीश माझा विद्यार्थी. वडील प्राध्यापक, घरची कधीकाळची जमीनदारी, स्वतः वकील. गावात त्याने नदीसाठी समिती काढली होती. दर वर्षी पाच जूनला झाडं लावायची, प्रभात फेरी काढायची, भिंतींवर घोषणा रंगवायच्या, हे समितीचं काम. मी तिची चिटणीस होते, म्हणजे पत्रं लिहायचे. माझं अक्षर चांगलं आहे.

अंबरीशने सगळं मनापासून ऐकलं. दुसऱ्याच दिवशी वाडीवर आला, गुडघाभर चिखलात उतरला, पाइपचे फोटो काढले. वनिताला म्हणाला, "वनिताताई, ही लढाई आता तुमची एकट्याची नाही." मला आजही वाटतं की ते बोलताना तो खोटं बोलत नव्हता. महिनाभरात समितीचे मोठे फलक लागले. त्यावर मधोमध वनिताचा फोटो, सोललेले हात पुढे धरलेला. तो कोणी काढला ते तिला ठाऊक नव्हतं. बाजारातल्या बायका तिला विचारायच्या, "काय गो, तू फलकावर कशी?" त्या फलकानंतर तिची गिऱ्हाइकं थोडी कमी झाली. तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

समितीने तपासणीची मागणी केली. प्रदूषण बघणाऱ्या खात्यातून प्रणित नावाचा एक तरुण अधिकारी आला. समितीतले लोक त्याच्याबरोबर होडीने नाल्याच्या तोंडाशी गेले, त्याने बाटल्या भरल्या, सील केल्या, आम्ही सह्या केल्या. सहा आठवड्यांनी अहवाल आला. पाणी मर्यादेत. अंबरीश म्हणाला, निराश व्हायचं नाही, परत मागणी करू. परत केली. परत अहवाल मर्यादेत. तिसऱ्यांदाही तेच. तोवर समितीतले निम्मे लोक दबक्या आवाजात म्हणायला लागले होते की वाडीवरच्या बायका जरा वाढवून सांगतात, मुळात ती माणसंच अस्वच्छ राहतात, हाताला खरूज झाली असेल. हे बोलणारे शिकलेले लोक होते, एक तर दाताचे डॉक्टर होते. मी गप्प बसून इतिवृत्त लिहीत होते.

तिसऱ्या अहवालानंतर वनिता एका दुपारी माझ्याकडे आली. टोपली नव्हती. ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "बाई, त्या सायबाला तुमी दर येळी भरतीलाच का बोलवता?"

मला प्रश्नच कळला नाही.

"पयल्यांदी आला तवा पुनव होती," ती म्हणाली. "मंग आमुशा. मंग परत पुनव. तिन्ही येळा भर दुपारचा आला. पुनवेला नि आमुशेला दुपारी भरती असती. नाल्यात समुद्राचा पानी चढलेला असतो. पाइप कुटं दिसनार? ओहोटीला आला असता तर नाकानीच कळला असता."

माझ्या घरात नदी दिसणारी खिडकी आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला भरती-ओहोटीचा धडा मी तेहतीस वेळा शिकवला. चंद्राचं गुरुत्वाकर्षण, आकृती, गृहपाठ. आणि तिन्ही पत्रं माझ्याच अक्षरात होती. मी कपाटातून फाइल काढली. "दि. अमुक रोजी दुपारी एक वाजता पाहणी करावी, ही विनंती." तिन्ही पत्रांत दिवस वेगळा, वेळ तीच. भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिलं. वनिताची एकही तिथी चुकली नव्हती.

हे दिवस मी ठरवले नव्हते. अंबरीश फोनवर सांगायचा आणि मी लिहायचे.

त्या संध्याकाळी मी त्याच्या ऑफिसात गेले. मला वाटलं होतं तो दचकेल, निदान नजर चुकवेल. तसं काही झालं नाही. त्याने माझ्यासाठी चहा मागवला, पंख्याचा वेग कमी केला आणि शांतपणे सांगितलं की दिवस कंपनीच्या माणसाशी बोलून ठरतो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? संवाद ठेवला म्हणून तर तपासण्या होतायत. कंपनी नदीवर घाट बांधून द्यायला तयार आहे, बसायला बाक, दिवे, मुलांना खेळायला जागा. हे गावाला दिसेल. पाइप कोणाला दिसतो?

मी म्हटलं, "अंबरीश, म्हणजे आपण बाटलीत समुद्राचं पाणी भरून पाठवतो."

"पाणी नदीतलंच असतं, मॅडम," तो म्हणाला. "वेळ फक्त सगळ्यांच्या सोयीची असते."

मग त्याने मला समजावून सांगितलं की कारखाने बंद पडले तर गावातल्या पोरांच्या शिफ्ट जातील, त्यांच्या घरी कोण जाणार, तुम्ही की मी? येत्या निवडणुकीत तो उभा राहणार होता आणि वॉर्डात निम्मी घरं कंपन्यांत कामाला होती. बोलताना तो हसत होता, शाळेत पहिला नंबर आल्यावर हसायचा तसाच. मला चहा जाईना. कप तसाच ठेवून मी उठले. जिना उतरून खाली आले. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. आली ती शिसारी, आणि तीही सगळी त्याच्यावर नव्हती.

वनिताला मी सगळं सांगितलं. ती चिडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, आता साहेब परत कधी येणार? मी म्हटलं, चौथी तपासणी ठरली आहे, चैत्रातल्या अमावस्येच्या आदल्या दिवशी, दुपारी एक वाजता. ती थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, येऊ दे.

त्यानंतरचे पंधरा दिवस ती नदीकाठच्या वाड्यावाड्यांतून फिरली. सभा नाही, माईक नाही, फलक नाही. बायका जळणाला जात तिथे ती जायची, पाण्यावर जात तिथे जायची. भिकू म्हणायचा की हिला वेड लागलंय. वनिताला कोणी पोलिसांची भीती घातली की सासू ठमी उलट विचारायची, पोलीस चिखलात उतरतील का? एवढ्या दिवसांत वनिताने माझ्याकडून एकच मदत मागितली. त्या दिवशी समितीबरोबर यायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसण्याचा मला चांगला सराव होता.

ठरल्या दिवशी प्रणित आला. अंबरीश आलाच नाही, त्याला कोर्टात तारीख होती. समितीतर्फे मी आणि दाताचे डॉक्टर. गुणाजी नावाचा होडीवाला आम्हाला तिघांना घेऊन पलीकडच्या काठाला, नाल्याच्या तोंडाशी गेला. पाणी काठोकाठ भरलेलं, स्वच्छ दिसत होतं. वारासुद्धा समुद्राचा होता. बांधावर चाळीसएक बायका बसल्या होत्या. कोणी भाजी निवडत होती, कोणी पोराला पाजत होती. आम्ही उतरलो आणि गुणाजीने होडी वळवून परत नेली. डॉक्टरांनी हाका मारल्या. गुणाजीने मागे पाहिलं नाही.

वनिता प्रणितच्या समोर येऊन हात जोडून म्हणाली, "सायब, आमी तुमाला हात लावनार नाय. बाटली भरू नका म्हनत नाय. फक्त पानी उतरंस्तोवर बसा. मंग भरा."

प्रणितने घड्याळ बघितलं. किती वेळ लागेल? पाच तास, ती म्हणाली. डॉक्टर संतापले. हे अडवून ठेवणं आहे, मी तक्रार करीन, असं बरंच बोलले. पण होडी पलीकडे होती आणि मागे फक्त खारफुटी आणि चिखल. बायकांनी आवाज चढवला नाही. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे ठेवली. डॉक्टरांनी खाल्लं नाही. प्रणितने खाल्लं. खाता खाता तो मला हळूच म्हणाला, "मॅडम, मला कोणी विचारलंच नाही कधी. तुमचं पत्र येतं, त्यात जी वेळ असते तिला मी येतो."



अडीचनंतर पाणी उतरायला लागलं. आधी काठाच्या दगडांवर ओली रेघ दिसली, मग खारफुटीची मुळं उघडी पडली, मग चिखल. चारच्या सुमाराला वास यायला लागला. आधी पुसट, मग असा की डॉक्टरांनी रुमाल तोंडाला बांधला आणि पाठ फिरवून बसले. साडेपाचला पाइपचं तोंड दिसलं. त्यातून आलेलं पाणी चिखलावरून वाहत होतं त्या वाटेवर चिखलाचा रंग वेगळा होता, जांभळट काळा, आणि त्यात एक निवटी उलटी पडून पोट हलवत होती. प्रणित बूट काढून उतरला. पहिली बाटली भरताना त्याला उमासा आला. तोंड बाजूला करून त्याने ओकारी काढली, बाहीने ओठ पुसले आणि दुसरी बाटली भरली. सहा बाटल्या भरल्या. मी सही केली. डॉक्टरांनी सही केली नाही. उजेड असतानाच गुणाजी होडी घेऊन परत आला आणि प्रणितला आधी बसवलं.

यावेळचा अहवाल मर्यादेत नव्हता. किती पटीने बाहेर होता ते वर्तमानपत्रांत छापून आलं. कंपनीला काम थांबवायची नोटीस निघाली. वाडीवर बायका त्या रात्री नाचल्या असं भिकूने सांगितलं.

कंपनी एकोणीस दिवस बंद होती. पाइप जुना होता, कोणाच्या लक्षात राहिला नव्हता, आता सिमेंटने बुजवला आहे, असं त्यांनी लिहून दिलं आणि काम पुन्हा सुरू झालं. वनिता म्हणाली, सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी वास आला, आता तो वरच्या नाल्यातून येतो.

त्याच महिन्यात अंबरीशचा सत्कार झाला. कंपनी बंद पाडणारा पर्यावरणरक्षक म्हणून. मी त्याआधीच राजीनामा पाठवला होता, तो कोणी वाचला की नाही मला माहीत नाही. समितीच्या कागदांवर माझं नाव अजून चिटणीस म्हणून छापतात. सत्काराला वाडीवरच्या बायकांना आणायला टेम्पो पाठवला होता आणि वनिता यायला तयार झाली, म्हणून मीही गेले. सभागृहात पुढच्या चार रांगा पाहुण्यांना, वाडीला मागच्या. अंबरीशने भाषणात वनिताचं नाव तीनदा घेतलं, एकदा तिला "आमची वनिता" म्हणाला. त्या पाच तासांबद्दल त्याने असं सांगितलं की जणू ती कल्पना त्याचीच. ज्या डॉक्टरांनी सही केली नव्हती त्यांनाही शाल मिळाली.

मग खाण्याचे डबे वाटले. डब्यावर एक निळं चिन्ह होतं. वनिताला वाचता येत नव्हतं, पण ते चिन्ह तिने ओळखलं. भिकूच्या कामावरच्या जुन्या हेल्मेटवर तेच होतं. तिने डबा न उघडता खुर्चीखाली ठेवला. शेजारच्या बाईने तिच्याकडे पाहिलं आणि तिनेही ठेवला. मग रांगेने सगळ्यांनीच. पोरं रडायला लागली, त्यांना आयांनी उचललं. वनिता उठली, तिच्यामागे बाकीच्या उठल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. व्यासपीठावर फोटो चालले होते. बायका गेल्या हे तिथे कोणाला दिसलंही नाही. टेम्पो परत न्यायला थांबला नव्हता, त्या चालत गेल्या.

खरी किंमत यानंतर द्यावी लागली, आणि ती कंपनीने दिली नाही. अहवाल छापून आल्यावर रोह्यात नदीचा मासा कोणी घेईना. बाजारात वाडीच्या बायका टोपल्या घेऊन बसायच्या आणि लोक लांबून जायचे. "विषारी मासा खायला घालतेस होय?" असं तोंडावर बोलायचे. वनिता माझ्या ओट्यावर आली तेव्हा मीही म्हटलं, आज नको गं. तिने मान हलवली. पुढच्या बुधवारी ती आली नाही.

आदर्श नावाचा एक मासळीवाला तेवढ्यात वाडीवर यायला लागला. रोह्यात खपत नाही तो माल तो पडत्या भावात उचलायचा, बर्फात घालून पेणच्या बाजारात न्यायचा आणि धरमतर खाडीचा म्हणून विकायचा. वाडीला दुसरी वाट नव्हती. एकट्या वनिताने त्याला मासा दिला नाही. तिच्या घरात त्या दिवसांत काय शिजत होतं हे मी विचारलं नाही, आणि ती सांगणाऱ्यातली नव्हती.

एका रविवारी ती मला म्हणाली, पेणला जायचंय, येता का? माझा भाऊ पेणला राहतो, म्हणून मला बाजार माहीत. सकाळच्या एसटीने गेलो. आदर्शचा माणूस मासळी बाजारात बसला होता. वनिता त्याच्यापासून चार हातांवर उभी राहिली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागली की ही कोळंबी कुंडलिकेची आहे, नाल्याच्या तोंडाशी धरलेली आहे, मीच तिथली आहे, पोरांना घालू नका. आधी लोकांना कळेना. मग दोघांनी पिशवीतून मासे परत टाकले. एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली की तुम्ही चांगल्या घरच्या दिसता, हिच्या नादी का लागलात? आदर्शच्या माणसाने बर्फाच्या पेटीतलं घाण पाणी उचलून आमच्या अंगावर ओतलं. माशांचं रक्त आणि खवले केसांत अडकले. आजूबाजूचे हसले. वनिता पदराने तोंड पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला तेच सांगत राहिली. मी तिच्या शेजारी उभी राहिले, बोलले मात्र नाही. मला स्वतःच्या अंगाचा वास येत होता आणि भावाच्या ओळखीचं कोणी बघेल याची धास्ती होती.

त्या दिवसानंतर आदर्शचा टेम्पो वाडीवर यायचा बंद झाला. वाडी वनितावर उलटली. तिच्या घरासमोर सगळे जमले, आणि ज्या बायका बांधावर पाच तास बसल्या होत्या त्यांतल्याच सगळ्यात जोरात बोलत होत्या. सायबाला बसवलंस, काय मिळालं? मासा गेला. आता टेम्पोही गेला. तुझ्या फलकावरच्या फोटोला आम्ही काय चाटायचं? ठमीसुद्धा सुनेवर ओरडली. मी तिथे होते, कारण वनिताने निरोप धाडला होता.

तिने सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "आमी खातो ते आमाला ठाव हाय. इख हाय ते ठाव हाय, तरी खातो, कारन दुसरा काय नाय. पेनच्या पोरांना ते ठाव नाय. कंपनीवाला आमाला न सांगता पाजतो, तसा मी दुसऱ्याला पाजायचा? मंग माझ्यात नि त्याच्यात फरक काय?"

कोणाला पटलं असं नाही. एक म्हातारा उठून थुंकला आणि निघून गेला. हळूहळू सगळेच गेले.

आता बरीच घरं वर्षातले आठ महिने वीटभट्टीवर असतात. काही बाया डोलवीच्या कारखान्याकडे कंत्राटी कामाला जातात, झाडलोट, माती उचलणं. वनिता भाताच्या लावणीला गडबला भावाकडे जाते आणि इतर वेळी मिळेल ती मजुरी करते. अंबरीश निवडून आला. घाटही झाला, कुंडलिकेकडे तोंड करून बाक आहेत, पण संध्याकाळी तिथे फार वेळ बसवत नाही. प्रणितची बदली झाली. तो जाण्याआधी मला भेटून गेला आणि नवीन जागा कुठली ते सांगताना कडवट हसला.

गेल्या महिन्यात वनिता आली. वरच्या नाल्याबद्दल अर्ज लिहायचा होता. मी विचारलं, वाडी सही करेल का? ती म्हणाली, एकतीसपैकी चौदा घरं तयार आहेत. त्यांत ठमी होती हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. वनिता म्हणाली, सासू अजून बोलत नाही, पण अंगठा देते.

अर्जात वेळ लिहायची जागा आली तेव्हा मी तिला विचारलं आणि तिने सांगितली ती लिहिली. वाडीवर जाऊन चौदा अंगठे घेतले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तो सरकारी कचेरीत घेऊन गेलो. टेबलामागच्या कारकुनाने कागद कोपऱ्याला धरून उचलला, नाकाजवळ नेला आणि म्हणाला, याला मासळीचा वास येतोय. मी काही बोलायच्या आत वनिता म्हणाली, "व्हय, येतो. शिक्का मारा."

त्याने शिक्का मारला. नंतर बोटं टेबलाच्या कडेला पुसली. वनिताने पोचपावतीची प्रत मागून घेतली, चार घड्या घालून चोळीत खोवली, आणि आम्ही बस पकडायला बाहेर आलो.